सिस्टर व्हायचंय, पण पक्कं कसं समजायचं?

प्रश्न: सिस्टर, नमस्कार. मी चोवीस वर्षांची आहे. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे, पण वीस वर्षं म्हापशात आहोत. बाबांचं शिवणकामाचं दुकान आहे. घरात मराठी, चर्चमध्ये कोंकणी. बी.एस्सी. करून मी पिळर्णला एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात लागले. दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या रिट्रीटला, म्हणजे मौन आणि प्रार्थनेच्या शिबिराला गेले होते. शेवटच्या रात्री आराधनेच्या वेळी मला स्पष्ट जाणवलं, की देव मला सिस्टर व्हायला बोलावतोय. तेव्हापासून हा विचार जातो आणि परत येतो. आईला सांगितलं तर ती दोन दिवस जेवली नाही. बांद्याहून एक स्थळ आलंय, मुलगा दुबईला असतो, चांगला आहे म्हणतात. ऑफिसातला एक जण मला आवडतोही, हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही. शिक्षणाच्या कर्जाचे एक लाख चाळीस हजार फेडायचेत. मला राग पटकन येतो, कपड्यांची हौस आहे. अशी मुलगी सिस्टर होऊ शकते का? हे खरंच पाचारण आहे की माझ्या मनाचे खेळ, हे पक्कं कसं समजायचं?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर: बाळा, रिट्रीटची ती रात्र आपण जरा बाजूला ठेवू. ती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण तीन दिवसांचं मौन, मेणबत्त्या, गिटार आणि आजूबाजूला शंभर माणसं गुडघ्यांवर, अशा वेळी दगडालाही पाझर फुटतो. मला तुझ्या पत्रातलं दुसरंच वाक्य कामाचं वाटलं, जे तू घाईघाईत लिहून पुढे गेलीस. विचार जातो आणि परत येतो. कधी जातो? कशाने परत येतो? आईशी वाजलं की येतो? बांद्याहून फोन आला की येतो? की एखाद्या साध्या मंगळवारी, म्हापशाच्या बसस्टँडवर उभी असताना, काही घडलेलं नसताना येतो? हे तू लिहिलं नाहीस, कारण बहुतेक तू ते पाहिलंच नाहीस.

हे मी एवढं खोदून विचारतेय, त्याला कारण आहे. मी वसईकडची. १९७३ साली, वीस वर्षांची असताना, भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसले आणि दुसऱ्या दिवशी पणजीला उतरले. ट्रंकेत चार कपडे, एक जपमाळ आणि आमच्या फादरांचं शिफारसपत्र. आपण देवाच्या हाकेला ओ देऊन निघालोय, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. ज्या मदरने, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरने, माझी मुलाखत घेतली तिने ते पत्र उघडलंही नाही. माझ्या कपात चहा ओतता ओतता विचारलं, "त्याचं नाव काय?"

मी गडबडले. केळीची मोठी वाडी असलेल्या एका घरातून मला मागणी आली होती आणि थोरल्या बहिणीचे सासरचे हाल मी रोज ऐकत होते. यातलं अवाक्षरही मी मदरला सांगितलं नव्हतं. पण माझ्यासारख्या मुली तिने पुष्कळ पाहिल्या असणार. चहा संपल्यावर म्हणाली, "घरी जा. त्याला 'नाही' तिकडे जाऊन सांग. मग 'हो' म्हणायला इकडे ये. दोन कामं एका तिकिटात उरकू नकोस." पुढच्या बोटीने मी परत. ट्रंकेची दोरीसुद्धा सुटली नव्हती.

बोटीवर मी रडले आणि मनातल्या मनात मदरला शिव्याही घातल्या. घरी जाऊन बाबांना सांगितलं, हे लग्न मला करायचं नाही. बाबा तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग त्या मुलाचं दुसरीकडे जमलं, माझ्यावरचं संकट टळलं. आणि गंमत अशी, की संकट टळलं तरी विचार काही जाईना. आईबरोबर वाडीत पाणी लावताना, बाजारात केळी विकताना तो आपला शांत बसून असायचा, चुलीजवळ मांजर बसतं तसा. हाकललं तरी उठायचा नाही. पावसाळ्यात बोट बंद असायची, म्हणून १९७४ च्या ऑक्टोबरात पुन्हा आले. त्या वेळी मदरने नाव विचारलं नाही.

तेव्हा तुझं पहिलं काम हे, की बांद्याच्या स्थळाचा निकाल स्थळ म्हणून लाव. मुलगा पसंत आहे का, दुबईला राहायचं आहे का, एवढंच बघ. कॉन्व्हेंटची ढाल पुढे करून नकार देऊ नकोस. ऑफिसातला तो आवडतो, याची लाजही वाटून घेऊ नकोस. ब्रह्मचर्याचं व्रत ज्यांना कोणीच आवडत नाही त्यांच्यासाठी नसतं. मी काही वर्षं नवीन मुलींच्या तयारीचं काम पाहत होते. "मला कधी कोणी आवडलंच नाही" असं एखादी म्हणाली की मी तिला उलट जास्त प्रश्न विचारायचे.

आता 'पक्कं कसं समजायचं'. याचा रस्ता पाचशे वर्षांपूर्वी एका जायबंदी शिपाईगड्याने शोधला. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून इग्नेशियस लोयोलाचा पाय मोडला. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळला. त्याला वाचायला हव्या होत्या शूरवीरांच्या कथा, घरात सापडलं ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. मग पडल्या पडल्या तो कधी एका उच्च घराण्यातल्या बाईची स्वप्नं पाही, तर कधी संतांसारखं जगण्याची. पाहताना दोन्ही गोडच लागायची. फरक नंतर पडायचा. पहिलं स्वप्न विरलं की मन कोरडं पडे, दुसरं विरलं तरी समाधान मागे उरे. पुढे त्याने मनाची पारख करायची जी रीत घालून दिली, तिची सुरुवात या एवढ्याशा निरीक्षणात आहे. याचाच जिवलग सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. डिसेंबरात आपण जुन्या गोव्याला फेस्ताला जातो ते त्याच्याच.

तर एक चाळीस पानी वही घे. तीन महिने, विचार आला की तीनच गोष्टी लिही: त्याच्या आधी काय चाललं होतं, विचार नेमका काय आला, आणि तासाभराने चव कसली उरली. प्रार्थना लिहू नकोस, सुविचार तर मुळीच नको. एका मुलीने अशी वही माझ्याकडे आणली होती. चौदा नोंदी होत्या आणि त्यातल्या अकरांत 'आधी काय चाललं होतं' याच्या खाली एकच शब्द: वहिनी. ती कॉन्व्हेंटमध्ये आली नाही. तिने पर्वरीला खोली भाड्याने घेतली, आणि मजेत आहे. इग्नेशियसचा आणखी एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव: मन उदास असताना आधी शांतपणे ठरवलेलं बदलायचं नाही. हा नियम सिस्टर होण्यालाही लागू, न होण्यालाही.

कर्जाचं तू लाजत लाजत लिहिलंयस, पण तो अगदी योग्य प्रश्न आहे. फेडता येणार नाही असं कर्ज डोक्यावर असलेल्या व्यक्तीला संस्थेने घेऊ नये, असं १९८३ च्या कॅनन कायद्यातच, म्हणजे चर्चच्या कायद्यातच आहे. तुझं फेडण्यासारखं आहे, मग फेडून मोकळी हो. दीड-दोन वर्षं जातील, जाऊ देत. हप्ता बँक मागते, देव नाही. थांबावं मदर तेरेसांनाही लागलं. दार्जिलिंगच्या गाडीत गरिबांची सेवा करायची हाक त्यांना ऐकू आली १० सप्टेंबर १९४६ ला. आपल्या जुन्या संस्थेतून बाहेर पडून गरिबांमध्ये जायची परवानगी मिळून त्या निघाल्या ऑगस्ट १९४८ मध्ये. मधला सगळा वेळ त्या वरिष्ठांच्या होकाराची वाट पाहत होत्या.

आईचं बघू. तिला वाटतंय, मुलगी एकदा त्या दारातून आत गेली की संपलं. तिला शेजारी बसवून हा हिशेब सांग. आधी उमेदवारीचा काळ, तो प्रत्येक संस्थेचा वेगळा. मग नॉव्हिशिएट, म्हणजे नवशिक्या सिस्टरच्या (नॉव्हिसच्या) तयारीचा काळ, किमान बारा महिने. त्यानंतरची पहिली व्रतं मुदतीची असतात, तीन ते सहा वर्षांची, आणि ती मुदत वाढवून नऊपर्यंत नेता येते. कायमची व्रतं त्यानंतर. डॉक्टर व्हायलासुद्धा एवढा वेळ लागत नाही. नॉव्हिस कुठल्याही दिवशी पिशवी उचलून घरी जाऊ शकते, आणि संस्थाही तिला "तुझी जागा इथे नाही" असं सांगू शकते. हे दुसरं मुली विसरतात. हाक तुला आली असेल, पण ती खरी का हे ज्यांच्यात तू राहणार त्यांनाही दिसावं लागतं. धाकाने, जबरदस्तीने किंवा फसवणुकीने कोणी आत आली असेल तर चर्चच्या कायद्याने तो प्रवेशच रद्दबातल.

पूर्वी मात्र नेहमी असंच होतं असं नाही. जुन्या गोव्यात सांता मोनिकाची ती अवाढव्य इमारत पाहिलीयस ना? १६०६ मध्ये सुरू झालेला मठ. त्या काळी बड्या घरातल्या मुलीला तिचं मन विचारून आत पाठवत असतील, असं मला तरी वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारने नवीन मुली घ्यायला बंदी केली. आत होत्या त्या म्हाताऱ्या होत गेल्या. पन्नासेक वर्षं त्या एवढ्या घरात पंगतीतली ताटं एकेक करून कमी होत गेली आणि १८८५ मध्ये शेवटची सिस्टर वारली. आज तिथेच मातेर देई संस्थेत ठिकठिकाणच्या सिस्टर शिकायला येतात. मीही काही महिने काढले आहेत तिथे. रात्री त्या जाड भिंतींच्या जिन्यावरून उतरताना मला नेहमी त्या शेवटच्या बाईची आठवण यायची. तिला कोणी विचारलं असेल का, तुझा विचार जातो की परत येतो?

कुठली संस्था, हे साडीच्या रंगावरून ठरवू नकोस. (हसू नकोस, ठरवणाऱ्या असतात.) चिखलीच्या कार्मेल मठातल्या सिस्टर जाळीच्या आत राहतात, त्यांचा दिवस प्रार्थनेभोवती फिरतो. नुवेंचं मुलींचं कॉलेज अपोस्टॉलिक कार्मेलच्या सिस्टर चालवतात, त्या बाहेर वावरतात, शिकवतात. सांकवाळला होली फॅमिलीच्या सिस्टर आहेत. दोन-तीन ठिकाणी 'या आणि पाहा' म्हणून आठ-पंधरा दिवस राहून बघ. चॅपेलमध्ये कसं वाटतं याकडे फार लक्ष देऊ नकोस, तिथे सगळीकडे बरंच वाटतं. जेवणाच्या टेबलावर बघ. म्हाताऱ्या सिस्टरांशी कोण कसं बोलतं ते ऐक.

माझंच सांगते. पहिल्या वर्षी माझी नेमणूक आजारी सिस्टरांच्या खोल्यांकडे झाली. त्यांत एक होती नव्वदीच्या घरातली, पोर्तुगीजांच्या काळात पोरांना शिकवलेली. तिला सगळ्याचा विसर पडला होता, फक्त कुठलीशी बस चुकेल याची काळजी तेवढी राहिली होती. दर शनिवारी तिच्या पायाची नखं कापायची. नखं म्हणजे पिवळी, जाड, म्हशीच्या शिंगासारखी आत वळलेली. नेलकटर त्यांत शिरायचं नाही. आधी घमेल्यात कोमट पाणी आणि मीठ घालून पाव तास पाय भिजत ठेवायचे, मग छोट्या कात्रीने कडेकडेने तासायचं. तेवढ्यात ती पाय झटकायची, पाणी माझ्या पदरावर, आणि वरून प्रश्न, "बस आयली गो?" मी म्हणायची, "ना सिस्टर, अजून येवंक ना." कात्री पुन्हा लावते न लावते तोच, "बस आयली गो?" एका पायाला तीस-तीस वेळा. त्या वर्षात प्रार्थनेत मला एकदाही रडू आलं नाही. कधी कधी तर झोप यायची. पण त्या घमेल्यापाशी बसलेली असताना इथून उठून जावं असं कधी वाटलं नाही. चिडले, कंटाळले, पाठ दुखली, पण उठून जावंसं वाटलं नाही. कोणी विचारलं असतं की तुझं पाचारण कुठे आहे, तर मी ते घमेलं दाखवलं असतं.

रागाचं म्हणशील, तर मला व्रतं घेऊन पन्नासेक वर्षं होत आली आणि अजून माझी विळी जागेवर नसली की मी ओरडते. कपड्यांची हौस असू दे. बाबांकडून ब्लाऊज शिवायला शिकली असशील तर कुठलीही मदर तुला डोक्यावर घेऊन नाचेल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. सल्ल्यासाठी जी व्यक्ती धरशील ती ज्या संस्थेला तू हवी आहेस त्या संस्थेची नको. मुली गोळा करायचं काम असलेल्या सिस्टर भल्या असतात, पण दुकानदाराला साडी चांगली आहे का असं आपण विचारत नाही. आणि प्रवेशाआधी तोंड उघडून विचार: घरी किती दिवसांनी जाता येतं, आईबाबा आजारी पडले तर काय, गेल्या पाच वर्षांत किती जणी आल्या आणि किती गेल्या, वरिष्ठांबद्दल तक्रार असेल तर कोणाकडे न्यायची. माझ्या तरुणपणी एका घरात वरिष्ठ माझी पत्रं फोडून वाचायच्या. मी गप्प बसले, कारण विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. आता काळ बदललाय. धर्मगुरू किंवा व्रतस्थांकडून लैंगिक शोषण झालं, तर तक्रार घेण्याची सोय प्रत्येक धर्मप्रांतात हवीच, असा नियम पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये केला. जिथे या प्रश्नांनी कपाळाला आठ्या पडतील तिथली पायरी चढू नकोस.

वही भरली की मला लिही. नाही भरली तरी लिही.

प्रश्न: आम्ही हिंदू आहोत. मुलगी सिस्टरांच्या शाळेत जाते. कुतूहल म्हणून विचारते, राग मानू नका. शिकवणाऱ्या सिस्टरांना पगार असतो का? आणि असला तर त्या त्याचं करतात काय?
(एक पालक, डिचोली)

उत्तर: राग कसला! हे विचारायचं असतं पुष्कळांना, पण विचारत कोणी नाही. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरला इतर शिक्षकांसारखाच पगार मिळतो. दारिद्र्याच्या व्रतामुळे तो तिचा राहत नाही, सगळ्यांच्या सामाईक खात्यात जातो आणि तिला लागेल ते मागून घ्यावं लागतं. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी चपला झिजल्या की जाऊन सांगते. पैसे आपले नाहीत तर कर कशाला, असा वाद बरीच वर्षं कोर्टात चालला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पगार आहे तिथे टीडीएस कापला जाणारच. व्रत देवाशी, फॉर्म सोळा आयकर खात्याशी.

प्रश्न: माझी मुलगी चार वर्षं सिस्टर होती. गेल्या महिन्यात घरी परतली. काय झालं ते सांगत नाही, नुसती बसून असते. चर्चमधल्या बायका विचारतात. देवाला दिलेला शब्द तिने मोडला, असं तिच्या मावशीने तोंडावर सांगितलं. मी काय करू?
(एक आई, वास्को)

उत्तर: ताई, आधी मावशीचा समाचार घेऊ. तुमच्या मुलीची व्रतं मुदतीची होती ना? मुदत संपली आणि तिने ती पुन्हा घेतली नाहीत, तर मोडलं काय? मुदत ठेवलेली असते ती याचसाठी. मुदत संपायच्या आधी रीतसर परवानगी घेऊन निघाली असेल तरीही पाप नाही. हे मावशीला माझं नाव घेऊन सांगा.

व्यवहाराचंही बघा. तिची शिक्षणाची प्रमाणपत्रं, केलेल्या कामाचा दाखला, आधार, पासबुक, सगळं तिच्या हातात आलंय का? नसेल तर लेखी मागा. तिथे केलेल्या कामाचा मोबदला चर्चच्या कायद्याने मागता येत नाही, पण बाहेर पडणाऱ्या व्यक्तीशी संस्थेने न्यायाने आणि प्रेमाने वागावं, असं त्याच कायद्यात लिहिलंय. हातखर्चाला काही महिने मदत मिळेल का, हे विचारण्यात भीक नाही. तिला स्वतःला विचारवत नसेल तर पत्र तुम्ही लिहा.

काय झालं ते विचारू नका. तिचं तिलाच अजून नीट समजलेलं नसेल. काही वाईट घडलं असेल तर ते सांगायला तिला आधी तुमची खात्री वाटायला हवी, आणि ती प्रश्नांनी वाटत नाही. बायकांना सांगा, घरी आलीय, बस्स. रविवारी मिस्सेला यायचं नसेल तर ओढून आणू नका. तिचे केस वाढताहेत का, नवा ड्रेस कुठला घ्यावा, असल्या गप्पा निघाल्या तर मनापासून मारा.

आणि एक. तिला अजून पहाटे पाचला आपोआप जाग येत असेल, घंटा नसली तरी. मलाही सुट्टीवर घरी गेले की यायची. अंधारात उठून बसायचं आणि काय करायचं ते सुचायचं नाही. तुम्हाला तिच्या पलंगाचा आवाज आला की उठा, चहा टाका, दोन कप घेऊन तिच्याजवळ जाऊन बसा. ती बोलली तर ऐका. नाही बोलली तर चहा पिऊन होईपर्यंत उजाडतंच.